पिकणं वेगळं, विरळ होणं वेगळं, गळणं वेगळं

«मॅडम, नमस्कार. मी साताऱ्याजवळच्या गावात राहते, वय ५४. लग्न झालं तेव्हा माझी वेणी गुडघ्याला टेकायची, सासरी सगळ्यांना कौतुक होतं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून भांग रुंद होत चाललाय. त्यात श्रावणात डेंग्यू झाला, चार दिवस दवाखान्यात होते. दिवाळीपासून तर विंचरलं की मूठभर गुंतवळ निघतं. शुगरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या आठ-नऊ वर्षं चालू आहेत. केस चाळिशीतच पिकायला लागले म्हणून दर महिन्याला बाजारातली काळी मेंदी लावते. मागच्या दोन वेळा लावल्यावर दुसऱ्या दिवशी कानामागं आणि कपाळाच्या कडेला खाज सुटली, बारीक पुरळ आलं. एकदा डोळेही सुजले, मग तीन-चार दिवसांनी बसले. फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे. ती म्हणते, आई, फोटोत केस काळेच पाहिजेत. सासूबाई म्हणतात, जावई यायच्या वयात कशाला रंगवतेस. जाऊबाईंनी कांद्याचं तेल दिलंय, भाचीनं बायोटिनच्या गोळ्या. हनुवटीवर दोन-तीन राठ केस येतात, ते तर कुणाला सांगायलाही लाज वाटते. आम्ही माळकरी, अंडं-मटण घरात नाही. नक्की काय करू?»

ताई,

सगळ्यात आधी काळी मेंदी बंद करा. लग्नापुरती एकदाच, अशीसुद्धा सवलत घेऊ नका. भांग, गळती, हनुवटी यांना वेळ आहे. डोळे सुजले हे वाचलं आणि बाकीचं पत्र मी नंतर वाचलं.

मेंदीच्या पानाला स्वतःचा एकच रंग असतो, नारिंगी-तांबडा. पानातल्या लॉसोन नावाच्या द्रव्याचा तो रंग. लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, चहाचं पाणी घाला, ती फार तर गडद होईल, पण पांढऱ्या केसाला काळाभोर करणार नाही. अर्ध्या-पाऊण तासात केस काळे करणारं पाकीट असेल तर त्यात बहुतेक वेळा पॅरा-फिनिलिन-डायअमाइन असतं, थोडक्यात पीपीडी. बाटलीतल्या बहुतेक काळ्या डायमध्येही तेच किंवा त्याच्या कुळातलं रसायन असतं. पाकिटावर हिरवं पान छापलेलं असो, 'हर्बल' लिहिलेलं असो की 'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरांत असो, त्यावर जाऊ नका. अमोनिया नसला म्हणजे पीपीडी नसतं असं मुळीच नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. मुलीला मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचायला सांगा.

या रसायनाची ॲलर्जी कधी जडेल याचा नेम नसतो. वर्षानुवर्षं लावूनही काही होत नाही, मग एकदा शरीर त्याला ओळखायला लागतं. तिथून पुढे ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि पुढची खेप आधीपेक्षा जोराची येऊ शकते. त्रास लगेच न होता एक-दोन दिवसांनी सुरू होतो, म्हणून कितीतरी बायका खाजेचा दोष साबणाला किंवा उन्हाला देतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच पाकीट कालवतात. तुम्ही दोन्ही गोष्टी बरोबर जोडल्यात. चुकून कधी परत लागलं आणि चेहरा सुजला किंवा श्वास कोंडल्यासारखा झाला, तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

कानामागे थोडंसं लावून ४८ तास वाट पाहायची, ही चाचणी डाय लावणाऱ्या प्रत्येकीनं करायला हवी. तुम्ही मात्र काळ्या मेंदीची किंवा डायची ही चाचणी आता घरी करू नका. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढून त्वचा तपासतात. ती करून घ्या आणि निकालाचा कागद जपून ठेवा, कारण पीपीडी सोसत नसणाऱ्या काहींना त्वचा बधिर करणारी काही औषधं आणि कपड्यांचे काही रंगही सोसत नाहीत. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की तो कागद दाखवा.

लग्नघर आहे म्हणून आणखी एक. मेंदीच्या कार्यक्रमात पटकन गडद रंगणारे काळे कोन येतात, त्यांतही हेच रसायन असू शकतं. तुमच्या हाताला तो कोन लागता कामा नये, आणि मुलीच्याही हाताला लावू देऊ नका. पुष्कळांना या ॲलर्जीची सुरुवात अशाच एखाद्या काळ्या कोनानं होते. नवरीचे हात लग्नाच्या दिवशी फोडांनी भरले तर काय करणार? घरी भिजवलेली तांबडी मेंदी आदल्या दिवशी लावा, ती दुसऱ्या दिवशी छान चढते.

आता केसांकडे येते. तुम्ही सगळं एका दमात लिहिलंय. पण तुमच्या डोक्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. सगळ्यांची मिळून एकच भीती झाली की माणूस हाताला येईल ते डोक्याला लावत सुटतं.

गळतीनं तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलात, आणि तीच सगळ्यात कमी काळजीची आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले बहुतेक कुठल्याही वेळी वाढत असतात, थोडे विसाव्याला गेलेले असतात. विसाव्याचा काळ तीनेक महिन्यांचा. तो संपला की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. रोजचे पन्नास ते शंभर केस असेच जातात. आठवड्यातून एकदाच न्हाणारीच्या हातात ते एकदम येतात, म्हणून जास्त वाटतात. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपासमार असं काही झालं की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विसाव्याला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तुमचा डेंग्यू श्रावणातला, गळती दिवाळीपासूनची. हिशेब अगदी जुळतो. टायफॉइड आणि कोविडनंतर असंच होतं. मूळ शाबूत असतं, म्हणून ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. भांगाशी बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे दिसायला लागले की समजा, भरून येतंय. तोवर गुंतवळ रोज मोजू नका, त्यानं जीव मात्र झुरतो.

भांग रुंद होणं ही निराळी गोष्ट आहे, आणि ती वयाची आहे. केसाचा वाढीचा काळ तरुणपणी दोन ते सहा वर्षांचा असतो, काहींचा त्याहून लांब. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ धरली तर गुडघ्यापर्यंतची वेणी म्हणजे फार लांब चाललेली वाढ. वय वाढतं तसा हा काळ आखूड होतो, म्हणून आता वेणी पाठीच्या मध्यावरच थांबते. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक उतरतं, आणि ज्यांच्या घराण्यात आहे त्यांच्या टाळूवरच्या केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात. जमीन तीच, पण दर हंगामाला जोंधळ्याचं ताट आधीपेक्षा बारीक यावं, तसं. बायकांमध्ये हे बहुधा भांगापासून दोन्ही बाजूंना पसरतं आणि कपाळाची रेषा जागच्या जागी राहते. हनुवटीवरचे राठ केस याच बदलातून येतात. इस्ट्रोजेन कमी झालं की अंगात मुळातच असलेल्या पुरुषी संप्रेरकांचं पारडं थोडं जड होतं. यात लाजण्यासारखं काय आहे? पाळी गेलेल्या कितीतरी बायकांच्या पर्समध्ये त्यासाठी छोटा चिमटा असतो. थ्रेडिंग करा, चिमट्यानं काढा, काही बिघडत नाही. फक्त असे केस थोड्याच महिन्यांत झपाट्यानं वाढले आणि आवाजही घोगरा व्हायला लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

या विरळपणावर बाहेरून लावायचं, नीट अभ्यासलेलं औषध एकच आहे, मिनॉक्सिडिल. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले म्हणून ते डोक्याला लावून पाहिलं गेलं. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. ते कोरड्या टाळूला लावायचं, केसांना नाही. सुरुवातीचे काही आठवडे गळती उलट वाढते, आणि तिथेच घाबरून बहुतेकजणी सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं सगळं हळूहळू परत जातं. म्हणून फेब्रुवारीच्या फोटोंसाठी ते घेऊ नका. लग्न उरकलं, टाळूची खाज पूर्ण बसली, की त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर त्यांना आधी सांगा. कपाळावर औषध ओघळू देऊ नका, नाहीतर तिथेही लव येते.

एवढं मात्र आरशात पाहून ठेवा. कपाळाची रेषाच मागे सरकत असेल, भुवयाही झडत असतील, किंवा टाळूचा एखादा भाग गुळगुळीत आणि चकचकीत दिसत असेल, तर तो वयाचा विरळपणा नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये एक आजार असा आहे ज्यात मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे केस पुन्हा येत नाहीत. त्यात उशीर परवडत नाही. रुपयाएवढा गोल चट्टा म्हणजे बहुधा चाई, तीही लवकर दाखवावी.

पिकण्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तिथे करण्यासारखं फारसं नाही. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्या संपल्या की पुढचा केस पांढराच उगवतो. हे कधी सुरू व्हायचं ते मुख्यतः आईबापांकडून आलेलं असतं, विडी-सिगारेट ते लवकर आणते. माका, आवळा, जास्वंद यांची तेलं केसाला मऊ करतात, पण थांबलेला रंग सुरू करत नाहीत. पिकलेला एक केस उपटला की सात येतात हेही खरं नाही. पण उपटू नका, मूळ दुखावलं तर तिथे काहीच उगवणार नाही. थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा ब-१२ फार कमी असेल, तर उपचारानंतर काहींचे केस पुन्हा काळे येतात, म्हणून तपासणी मात्र जरूर करायची.

आणि तुमच्या बाबतीत ब-१२ ची तपासणी चुकवून चालणारच नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ब-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. तुमच्याकडे दोन्ही कारणं हजर आहेत. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच चाचणी आणि ड जीवनसत्त्व. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो. पाळी गेल्यानंतर लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नका, ते कुठे जातंय हे डॉक्टरांकडून शोधून घ्या.

रक्त द्यायला जाण्याआधी भाचीच्या बायोटिनच्या गोळ्या बंद करा. बायोटिनचा मोठा डोस टीएसएचसारख्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे दाखवतो, म्हणून निदान तीन दिवस आधी तरी तो थांबलेला असावा आणि प्रयोगशाळेत तसं सांगावं. नंतरही त्या गोळ्यांची तुम्हाला गरज वाटत नाही. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. केसांच्या नावाखाली मिळणाऱ्या काही गोळ्यांमध्ये सेलेनियम हे खनिज आणि अ जीवनसत्त्वही घातलेलं असतं, आणि ती दोन्ही जादा झाली तर केस उलट गळतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस काही दिवसांत झडले होते, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत तिथल्या रुग्णांमध्ये आणि गव्हात सेलेनियम जादा आढळलं होतं. पौष्टिक म्हणून जे विकलं जातं ते जास्त झालं की काय करतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. त्यापेक्षा ताटात लक्ष घाला. केस प्रथिनांचा बनतो, म्हणून दोन्ही जेवणांत उसळ, पिठलं, घट्ट वरण, दही यांतलं काहीतरी पोटभर असू द्या. हळीव, तीळ, बाजरी आहेतच. शुगर असल्यानं हळिवाचा लाडू नको, भिजवलेले हळीव दुधातून घ्या. वर लिंबू पिळलं की लोह चांगलं अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. लग्नाच्या धावपळीत घरची बाई सगळ्यांना वाढून स्वतः उभ्याउभ्या चार घास खाते, ते यंदा नका करू.

जाऊबाईंचं कांद्याचं तेल आत्ता नको. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या थोड्या रुग्णांना कांद्याचा रस लावून पाहिला होता आणि त्यांना फायदा दिसला. सगळी कीर्ती तिथून आली. पण चाई वेगळी, तुमचा भांग वेगळा. आणि खाजणाऱ्या, पुरळ येऊन गेलेल्या टाळूवर कांदा म्हणजे नवी आग. जाऊबाईंना वाईट वाटू नये म्हणून सांगा, डॉक्टरांनी सध्या सगळंच बंद ठेवायला सांगितलंय.

तेल लावायचंच तर साधं खोबरेल. मुंबईच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, बाकी दोघांनी ते साधलं नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हे लक्षात ठेवूनही हा निष्कर्ष मला पटतो. खोबरेल नवे केस उगवत नाही, आहेत ते तुटू देत नाही. वय वाढलं की टाळूचा स्वतःचा तेलकटपणा कमी होतो, केस रुक्ष होतात, पांढरे तर जास्तच राठ लागतात, त्यामुळे हे तुटणं वाचवणं तुमच्यासाठी महत्त्वाचं. पुरळ गेल्यावर न्हाण्याच्या आधी तास-दोन तास लांबीला आणि टोकांना लावा. जोरजोरात चोळू नका. कोंडा असेल तर टाळूला तेल नको, कोंड्यातली बुरशी तेलावरच पोसते.

शिकेकाई सोसत असेल तर खुशाल वापरा, फक्त पूड वस्त्रगाळ असू द्या. भरड कण केसांत अडकतात आणि काढताना केस तुटतात. शाम्पू सौम्य घ्या, तो टाळूला लावा आणि कंडिशनर टोकांना. बोअरच्या जड पाण्यानं केस ताठर होतात, शेवटचा तांब्या तरी गाळलेल्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा घेता आला तर बघा. ओले केस विंचरू नका, आणि टॉवेलनं झटकायची सवय असेल तर सोडा. अंबाडा सैल बांधा. वर्षानुवर्षं ताणून बांधलेल्या केसांची कपाळाजवळची मुळं कायमची जातात. लग्नात गंगावन लावायचं तर हलकं घ्या आणि कार्य उरकलं की लगेच सोडा. पार्लरवाली केराटिन किंवा स्ट्रेटनिंग सुचवेल, तिला ठाम नाही म्हणा. त्यांतल्या काहींमधून फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनाची वाफ निघते. काहींत ग्लायॉक्झिलिक आम्ल असतं, आणि ते वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. शुगर असलेल्या बाईनं मूत्रपिंडाशी खेळ करू नये.

राहिला काळ्या-पांढऱ्याचा प्रश्न. सासूबाईंच्या बोलण्यानं रंगवणं सोडू नका आणि मुलीच्या हट्टानं रंगवू नका. डोकं तुमचं आहे, आरशात रोज तुम्हीच बघणार आहात. रंग हवा असेल तर वाट अशी: आधी शुद्ध तांबडी मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांची पूड. कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांनी लगेच लावायची. पांढऱ्या केसावर नुसती मेंदी केशरी दिसते, वरून नीळ चढली की गडद तपकिरी ते काळा रंग येतो आणि एक-दोन दिवसांत आणखी खोल होतो. ही पाकिटंही घटक वाचून घ्यायची, कारण निळीच्या नावाखालीही पीपीडी घालून विकतात. पॅच टेस्टचा निकाल हातात आल्यावर, डॉक्टरांना पाकीट दाखवूनच सुरुवात करा. पहिला प्रयोग लग्नाच्या आठवड्यात नको, महिनाभर आधी एकदा लावून रंग बघून घ्या. नुसत्या फोटोंपुरतं हवं असेल तर मुळांवर लावायची, न्हाल्यावर निघून जाणारी रंगाची पूड मिळते, तीही डॉक्टरांना दाखवून घ्या.

आणि पांढरे ठेवायचे ठरवलंत तर मला मनापासून आनंद होईल, हे लपवत नाही. दर महिन्याच्या रसायनातून तुमची टाळू सुटेल. रंगवलेला भाग हळूहळू कापत जा, खांद्यापर्यंतचे केस विरळपणाही झाकतात आणि हलके वाटतात. पांढऱ्या केसांना रंगीत तेलं लावू नका, ते पिवळट पडतात. पंधरवड्यातून एकदा जांभळा शाम्पू लावला तर पिवळेपणा उतरतो. उन्हात शेतावर जाताना पदर किंवा टोपी घ्या, कारण विरळ भांगातून ऊन थेट टाळूला लागतं. हिरव्या साडीवर मोगऱ्याचा गजरा पांढऱ्या केसांत किती शोभतो, हे मुलीला एकदा प्रत्यक्ष माळूनच दाखवा, मग तिला ठरवू दे काय म्हणायचं ते.

या आठवड्यात दोनच कामं करा: त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि रक्त देऊन या. जाताना काळ्या मेंदीचं रिकामं पाकीट पिशवीत टाकायला विसरू नका, त्यांना त्यावरची यादी वाचायला लागेल.